ओल्या तेलावरचे कुंकू

नीनावहिनी,

तुमच्याविरुद्ध मी केलेली पहिली तक्रार वासाची होती. बारामतीतल्या आपल्या सोसायटीच्या सचिवांना उद्देशून, दोन प्रतींत, पोहोचेच्या शिक्क्यासह. "तळमजल्यावरील सदनिकेतून सकाळच्या प्रहरी जनावराचे कातडे शिजवल्यासारखा दर्प येतो, सदर प्रकार निवासी वापराच्या अटींचा भंग आहे," असे मी लिहिले होते. सचिवांनी नेहमीप्रमाणे काहीही केले नाही, म्हणून तिसरी प्रत घेऊन मी स्वतः तुमच्या दारात उभा राहिलो. दार तुम्हीच उघडलेत. पदर खोचलेला, हातात पळी, केस पांढरेशुभ्र, डोळे घारे.

"वास येतोय व्हय?" तुम्ही म्हणालात. "येनारच की. सरस हाय त्यो, कातड्याचाच करत्यात. आत या तात्या. दारात हुबं राहून भांडू नगा, मला कमी ऐकू येतंय."

इंदापूरच्या दिवाणी न्यायालयात, समन्स-नोटिसांच्या बजावणीच्या शाखेत, मी माझे आयुष्य काढले. माझ्याशी बोलताना लोक आवाज चढवतात किंवा हात जोडतात. आत या, असे कोणी म्हणत नाही. आणि वर ही बोली! तुम्ही सोव्हिएत जॉर्जियाच्या, तुमचे यजमान वसंतराव तिकडे यंत्रांचे शिक्षण घ्यायला गेले आणि तुम्हाला घेऊन निरवांगीला परतले, एवढे सोसायटीत सर्वांना ठाऊक होते. परंतु तुमची मराठी तुमच्या सासूने आणि थोरल्या जावेने नीरेकाठच्या मळ्यात घडवली आहे, हे मला त्या दिवशी कळले. मी तुमचे उच्चार दुरुस्त करू लागलो, तेव्हा तुम्ही पळी उगारलीत. "मला मिळाली ती हीच मराठी. पुस्तकातली तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. या तेवीस दिवसांत लोक तुमच्याविषयी पुष्कळ बोलले आणि ते सगळे चांगलेच बोलले. मला त्यात भर घालायची नाही. मला कबुलीजबाब द्यायचा आहे. ज्या व्यक्तीपुढे तो द्यायचा ती हयात नसताना त्याचे मोल किती, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही देतो. तुमची थोरली जाऊ, जिला तुम्ही आणि तुमच्यामुळे आम्ही सगळे अक्का म्हणत आलो, तिने शेवटचे दहा महिने तुमच्याकडे येणे का सोडले, हे तुम्हाला अखेरपर्यंत कळले नाही. मला ते कळलेले होते, कारण ते माझ्या हातून घडले होते.

ते ज्या चित्रापायी घडले, ते चित्र आधी सांगितले पाहिजे. तुम्ही काय करत होतात, हे तुम्हाला माहीत होते. मी काय पाहिले, हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही.

मी पाहिली ती प्रथम एक फळी. शिवणीच्या लाकडाची, इंदापूरच्या सुताराकडून करवून आणलेली. तिच्यावर तुम्ही सरसाने कापड चिकटवलेत. मग खडूची पूड त्याच सरसात कालवून एक थर दिलात, तो वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. किती थर झाले ते मोजायचे मी सोडून दिले. मग पॉलिश पेपर. घासून घासून ती फळी अशी झाली की बोट ठेवले तर बोटाला लाज वाटावी. एवढे होईपर्यंत दोन महिने गेले होते आणि चित्राचा अजून पत्ता नव्हता. मी विचारले, "वहिनी, एवढा खटाटोप बाजारात तयार कॅनव्हास मिळत असताना?" तुम्ही म्हणालात, "माहेरपणाला येनाऱ्या लेकीसाठी आपुन घर सारवतो का न्हाय?"

वसंतराव गेल्यानंतर तुम्ही सहा महिने तुमच्या देशी जाऊन राहिलात. तिथल्या मठात एका वृद्ध साध्वीने तुम्हाला ही विद्या दिली. तिने दिलेल्या आकृत्या तुम्ही एका जुन्या पत्र्याच्या पेटीत ठेवत होतात. देवाच्या आईची, म्हणजे येशूच्या आई मरियमची, चित्रे कोणत्या प्रकारची असावीत, पदराची घडी कुठे मोडावी, हात कोणत्या कोनात असावा, हे सगळे शेकडो वर्षांपूर्वी ठरलेले आहे आणि त्यात केसभर बदल करण्याचा अधिकार काढणाऱ्याला नाही, असे तुम्ही मला सांगितलेत. वहिनी, तुम्हाला वाटले की मी नुसती मान डोलावली. मी हरखून गेलो होतो. जन्मभर मी कायदा पाहिला तो पळवाटांसकट. अंमलबजावणी होत नसलेला, खालपासून वरपर्यंत पायदळी तुडवला गेलेला. माझा संताप लोकांना स्वभावदोष वाटतो. मला तो नागरिकाचे कर्तव्य वाटतो. आणि इथे, माझ्याच इमारतीच्या तळमजल्यावर, एक बाई कोणीही बघत नसताना एका नियमाचे तंतोतंत पालन करत होती, आणि त्या पालनातून काहीतरी सुंदर उगवत होते. त्यानंतर मी रोज साडेदहाला तुमच्याकडे येऊ लागलो. वासाची तक्रार मी लेखी मागे घेतली नाही. तेवढे राहून गेले.

सोने चढवण्याचा दिवस मला आठवतो. पंखा बंद, खिडक्या बंद, मला श्वास रोखून बसण्याची ताकीद. लाल मातीचा गुळगुळीत लेप दिलेल्या जागेवर तुम्ही वाकलात आणि तोंडाची उबदार वाफ सोडलीत, आपण चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी. त्या वाफेने माती ओलसर झाली आणि तेवढ्या क्षणात वर्ख तिच्यावर बसला. कितीतरी वेळ तुम्ही असेच केलेत. एक म्हातारी बाई, कमी ऐकू येणारी, दमा असलेली, आपल्या छातीतला अपुरा श्वास खर्चून सोने चिकटवत होती. मी विचारले, "हे सोने म्हणजे आकाश का?" "न्हाय. आकाश निळं असतंय की. ह्यो नुसता उजेड हाय. जिथं ती बसलीया तिथं सकाळ-संध्याकाळ न्हाय."

मग चेहरा. त्यासाठी अंडी हवीत म्हणाल्यावर मी, शाकाहारी माणूस, पुन्हा पत्र लिहिण्याच्या बेतात होतो. रंग दगडाचे आणि मातीचे, खलबत्त्यात कुटलेले, आणि त्यांना बांधून ठेवायला अंड्यातला पिवळा बलक. पोल्ट्रीची अंडी तुम्हाला चालत नसत. अक्का निरवांगीहून बाजरीच्या डब्यात खुपसून गावरान अंडी पाठवत असे, एकही न फुटता. "अक्काच्या कोंबड्या हाईत म्हनून हिला रंग हाय," तुम्ही म्हणायचात.

चेहऱ्यावर तुम्ही पहिला थर दिलात तो शेवाळलेल्या दगडाच्या रंगाचा. मी चमकलो. देवीचा चेहरा असा काळवंडलेला?

"थांबा की. अंधारावरच चढवायचा असतोय उजेड. पांढऱ्या कागदावर कसला आलाय?"

आणि तुम्ही चढवलात. पातळ, पाण्यासारखा, गेरूचा एक हात, त्यावर थोडा उजळ, त्यावर आणखी. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा लहान जागेत. गाल, कपाळ, नाकाची लांब सरळ दांडी रोज थोडी थोडी पुढे येत गेली, विहिरीच्या तळातून कोणीतरी वर येत असल्यासारखी. मी तुम्हाला पुराव्याच्या भाषेत प्रश्न विचारले: उजेड कोणत्या बाजूने आहे? दिवा कुठे आहे? सावली का नाही? तुम्ही ब्रश न थांबवता सांगितलेत, "तिच्यातनंच येतोय. सावली पडंल कशी?" सिंहासनाखालच्या चौरंगाला मी पट्टी लावून पाहिली. दूर जाणाऱ्या कडा जवळ येण्याऐवजी रुंदावत होत्या. मी विजयी सुरात चूक दाखवली. तुम्ही मला खांद्याला धरून फळीसमोर उभे केलेत. "त्या रेघा कुठं येऊन मिळत्यात बघा. तुमच्यापाशी. तुमी तिला बघत न्हाय तात्या. ती तुमाला बघतीया."

आपला मोठा वाद राहिलाच. "देवाची आई" या शब्दांना माझी हरकत होती. जो अनादी, त्याला जन्म देणारी कोण? माझे म्हणणे मी पाच पानांत मांडून तुमच्या दाराखालून सरकवले होते. दुसऱ्या दिवशी ती पाने रंगाच्या वाट्यांखाली अंथरलेली दिसली. "किसनाला तुमी दोन आया दिल्या," तुम्ही म्हणालात. "आमच्याला एक दिली तर तुमचं काय जातंय?" मी म्हणालो, हे उत्तर नव्हे. तुम्ही म्हणालात, "मंग उत्तर सापडंल तवा मलाबी सांगा."

मला ते सापडले आहे, वहिनी, तुम्ही गेल्यावर. आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती आहे. तिच्या नावे जमीन असते, तिच्या नावे दावा चालतो. परंतु ती व्यक्ती कायमची अज्ञान, म्हणजे वयात न आलेली मानली जाते. देव स्वतः न्यायालयात येऊन बोलू शकत नाही. कोणीतरी सज्ञान माणसाने त्याला मांडीवर घेऊन त्याच्या वतीने उभे राहावे लागते. असे किती दावे मी आयुष्यात हाताळले! आणि तुमच्या चित्रात जग निर्माण करणारा एका बाईच्या मांडीवर अज्ञान होऊन बसला होता, तिच्यावाचून हलू न शकणारा, तिच्या दुधावर वाढणारा. आणि तिने उजवा हात पुढे करून आपल्याला त्याच्याकडे बोट दाखवले होते. एवढा मोठा होता म्हणूनच त्याला आईची गरज पडली. हे मला तुमच्या टेबलापाशी बसून सांगायचे होते. तुम्ही हसला असता आणि म्हणाला असता, एवढं कोर्टात जाऊन शोधायचं व्हय.

डोळ्यांतल्या पांढऱ्या रेघा सर्वांत शेवटी. केसासारख्या बारीक, तीन-चार. ज्या सकाळी तुम्ही त्या काढल्यात, त्या सकाळी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. न्यायाधीश दालनात येताना उठतात तसा. दुसऱ्या कुठल्या प्रकारे आदर दाखवण्याची मला सवय नव्हती. मी हात जोडले नाहीत. परंतु माझे पाय माझे मत न विचारता सरळ झाले होते. तुम्ही ते पाहिलेत आणि काही बोलला नाहीत. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

चित्रावर तुम्ही सही केली नाहीत. मी आग्रह धरला, कर्त्याच्या हक्काविषयी बोललो. "मी केलं असतं तर केली असती," एवढेच तुम्ही म्हणालात. वरच्या सोन्यावर चार ग्रीक अक्षरे तेवढी तुम्ही लिहिलीत, तिचे नाव, देवाची आई. नाव लिहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही आणि काढणाऱ्याचे नाव लिहिले तर ते बिघडते, असा तुमचा दंडक. मग जवसाचे तेल आटवून तुम्ही ते चित्रावर ओतलेत आणि तासन्‌तास तळहाताने सारखे करत बसलात. तेल लागताच रंगांना जाग आली. मग फळी आतल्या खोलीत आडवी ठेवली गेली, वर धुळीपासून आडोसा, आणि तिथे कोणी फिरकायचे नाही, असा हुकूम.

त्याच आठवड्यात अक्का मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बारामतीत आली आणि तुमच्याकडे उतरली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. तुम्ही औषधाचे थेंब आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेला होता. अक्का घरात एकटी, नव्या डोळ्याने भिंती, भांडी, स्वतःच्या हातावरच्या शिरा बघत फिरत होती. आतल्या खोलीत गेली. आडोसा उचलला. वर्षानुवर्षे धुक्यातून बघणाऱ्या बाईला समोर दिसले ते सोने, आणि त्या सोन्यात तो चेहरा. तिने तुमच्या देवघरातून कुंकवाची डबी आणली आणि बाईने बाईला लावावे तसे, मधल्या बोटाने, त्या कपाळावर कुंकू लावले. पदरावरच्या ताऱ्याच्या जरा खाली. ओल्या तेलात.

मी आलो तेव्हा तुम्ही फळीसमोर बसला होता आणि अक्का स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तेलात कुंकवाची कड थोडी विस्कटून लाल रंग भुवयांच्या दिशेने सरकला होता. दीड वर्षाचे काम! ज्या चित्रात एक रेघही मनाची नव्हती, त्या चित्रावर एक अनधिकृत नोंद! मूळ दस्तावर कोणीतरी खाडाखोड करावी, तसे मला झाले.

"पुसा आधी," मी म्हणालो. "अजून ओले आहे."

"दोन मिन्टांचं काम हाय," तुम्ही म्हणालात. पण हात हलवला नाहीत.

"तुमच्या नियमात हे बसते?"

"न्हाय बसत."

"मग?"

तुम्ही आवाज खाली घेतलात, भाकरीची थापटी ऐकू येत होती. "अक्काचं मालक जाऊन चौदा वर्सं झाली. तवापासनं अक्काला हळदीकुंकवाला कुनी बलावलं न्हाय. गौरीम्होरंबी मागं भिंतीला बसती. कुनाच्या कपाळाला तिनं बोट लावलं न्हाय, का तर लावू देत न्हाईत. हिनं लावू दिलं. आता मी पुसू व्हय?"

"नियम म्हणजे नियम, वहिनी."

"तेल पुरतं वाळायला वरीस लागतंय. वरीसभर बघू. मी खरंच काय शिकले का नुसत्या रेघा मारल्या, त्ये तवर कळंल."

मी तिथून उठलो आणि जिना चढून घरी गेलो. तुम्ही जे सांगितले ते मी ऐकले होते. समजून घेतले नव्हते. मी टंकलेखन यंत्रावरचे कापड काढले आणि अक्काच्या नावे एक नोटीस लिहिली. त्या नोटिशीतली वाक्ये मला पाठ आहेत आणि ती इथे लिहिताना मला माझ्या हातांची किळस येते. "आपण सदर चित्राचे हेतुपुरस्सर विद्रूपीकरण केलेले असून, यापुढे सदर घराच्या व मिळकतीच्या आसपास येऊ नये, अन्यथा आपणाविरुद्ध योग्य त्या न्यायालयात दाद मागितली जाईल व होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल." वर तुमचे नाव. खाली "करिता" म्हणून माझी सही. तुम्ही मला अधिकार दिलेला नव्हता. कायद्याने तो कागद शून्य होता. हे मला लिहिताना माहीत होते. अक्का गावी परतल्यावर मी तो नोंदणीकृत टपालाने धाडला. वाचता न येणाऱ्या म्हातारीच्या हातात शिक्क्यांचे पाकीट पडले की काय होते, हेही मला माहीत होते. ती पाकिटे बजावणे हाच तर माझा पेशा होता. पोहोच परत आली, अंगठ्यासह. मी ती फायलीला लावली आणि मला समाधान वाटले.

त्यानंतर अक्का आली नाही. अंडी आली नाहीत. तुम्ही फोन करायचात, ती गुडघ्यांचे निमित्त सांगायची. दम्यामुळे तुम्हाला निरवांगीचा प्रवास होत नव्हता. एकदा तुम्ही मला सरळ विचारलेत, "तात्या, अक्का का येत न्हाय वो? माझं काय चुकलं आसंल?" मी म्हणालो, "ऊन फार आहे." नंतर म्हणालो, सणवार आहेत. नंतर थंडी. तीन ऋतू मी तुमच्याशी खोटे बोललो, वहिनी. मी, ज्याने ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत सर्वांकडे खरी माहिती मागितली.

तुमच्या अंत्यविधीला निरवांगीहून पुतणे आले. अक्का नव्हती. मी विचारले, तेव्हा थोरला म्हणाला, "लई रडली. पर म्हनली, मला तितं जायाची परवानगी न्हाय. कसली परवानगी, ती सांगत न्हाय."

परवा मी ते चित्र तुमच्या धुतलेल्या सुती पातळात गुंडाळले आणि एसटीने निघालो. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडत होती. खड्ड्यात आदळल्यावर पातळ सरकले आणि शेजारची भाजीवाली वाकून बघू लागली.

"आबा, कंची म्हनायची ही देवी?"

"मरियम. येशूची आई."

"अगं बया. पर लेकराचं तोंड असं थोराड का?"

मी तुमचे उत्तर दिले, की त्याला पुढचे सगळे माहीत आहे. तिने थोडा वेळ चित्राकडे पाहिले. "व्हय. तिलाबी ठावं दिसतंय. आन् तरी मांडीव घेतलंय."

कंडक्टर तिकिटाचे यंत्र घेऊन आला. "आबा, तुमचं ज्येष्ठ नागरिक. देवीबाईचं फुल्ल. लेकरू पाचाच्या आतलं, फुकाट." सगळी गाडी हसली. मी देवतेच्या कायदेशीर दर्जाविषयी त्याला दोन वाक्ये सुनावली. तो म्हणाला, "मंग तर तिलाच शीट द्या, तुमी हुबं ऱ्हावा," आणि पुढे गेला. आश्चर्य म्हणजे मला राग आला नाही.

अक्का घरातच होती. मला तिने ओळखले आणि उठू लागली, जशी माणसे बजावणीवाल्याला बघून उठतात. मी चित्र उघडून दारासमोरच्या भिंतीशी धान्याच्या पोत्यावर टेकवले. तिने पाहिले आणि तिचा हात तोंडावर गेला. मग पदराचे टोक तांब्यात भिजवून ती पुढे झाली. "थांबा. आदी ह्ये पुसते. माझ्यामुळं इटाळलंय." तिने त्या कपाळावर पदर फिरवला. एकदा, दोनदा. पदर पांढराच राहिला. कुंकू तेलाच्या खाली गेले होते, रंगांच्या सोबतीला. तिने माझ्याकडे बघितले. "निघंना की."

"आता निघायचे नाही ते. तेल वाळले. वहिनींनी पुसायला नकार दिला होता."

"तिनं?" देवांच्या टाकांखालच्या वस्त्राखालून तिने एक कागद काढला. आठ घड्या घातलेला. पोस्टमनकडून वाचून घेतला होता आणि घरात कोणाला कळू दिला नव्हता. "मग ह्ये?"

"ती नोटीस मी लिहिली. वहिनींना त्याची कल्पना नव्हती."

"नीनानं न्हाय धाडली?"

"नाही."

"तिला मरस्तवर ठावं न्हाय?"

"नाही. मी सांगितले नाही."

अक्का त्या कागदाच्या घड्या पुन्हा घालू लागली. बाहेर कोंबड्या कुकारत होत्या. मग ती बोलली ती माझ्याकडे न बघता. "दहा म्हैनं मी तिच्याव रुसून बसले. तिचा फोन आला की म्हनायचे, गुडघं दुखत्यात. आन् मनात म्हनायचे, वर लाडानं बोलतीया आन् खाली कोर्टात वढतीया. मला कुनीच लावू देत न्हाय वो कुंकू. हिनं न्हाय नको म्हटलं. मला वाटलं, हिनं दिलं आन् माझ्या जावंनं काढून घेतलं."

मी क्षमा मागितली. मी आयुष्यात ती कधी मागितलेली नाही, त्यामुळे ती मला नीट मागता आली नसावी.

"माफी मी कुटनं देऊ?" अक्का म्हणाली. "माझ्या एकटीची हाय व्हय ती? निम्मी तिची." मग ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "तिच्यापाशी शेवटाला मी नव्हते. तुमी व्हता. कशी गेली ती सांगा. काय बी गाळू नगा."

वहिनी, हजारो अर्ज-विनंत्या लिहिलेला मी, त्या बाईसमोर जमिनीवर बसून पहिल्यांदा बिनकागदाचा बोलत होतो. मी काहीही गाळले नाही. सांगितले की दुपार होती, खोकला दमून थांबला होता, पलंग बाहेरच्या खोलीत आणला होता. सांगितले की तुम्ही मला चित्र उचलायला लावलेत आणि म्हणालात, "तिचं तोंड दाराकडं करा. आल्यागेल्याला दिसूंदे." मी तसे केले. थोड्या वेळाने तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "दारात कोन हाय बघा. अक्का आली का?" मी बघितले. वाऱ्याने पडदा हलत होता. मी म्हणालो, कोणी नाही. तुम्ही म्हणालात, "यील." त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत.

हे मी अक्काला सांगितले आणि मान खाली घालून तिच्या शिव्यांची वाट पाहू लागलो.

ती उठली. माझ्या बाजूने जाऊन उंबरा ओलांडून बाहेर गेली. मला वाटले, तिला माझे तोंड बघवत नाही. मग हौदावर पाण्याचा आवाज आला. तिने पाय धुतले, लांबून चालून आलेल्या माणसाने धुवावेत तसे. पदर सारखा केला. आणि दारातून पुन्हा आत आली, हळूहळू, चौकट धरून, चित्रातल्या त्या उघड्या डोळ्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"आले गं नीना," ती म्हणाली. "जरा उशीर झाला."